तापात चालायला जाऊ नका, साखळीला विराम द्या
पावसाळ्यात अजिंक्यताऱ्याची वाट निसरडी होते. तरीही ॲपमधली, रोजचं चालण्याचं उद्दिष्ट गाठल्याची सलग दिवसांची साखळी तुटेल म्हणून अंगात कणकण असताना वर चढणारे साताऱ्यात आहेत. कृपया असं करू नका. ॲपल वॉचमध्ये २०२४ च्या वॉचओएस ११ या घड्याळाच्या प्रणालीपासून 'पॉज रिंग्ज' (रोजच्या हालचालीची वर्तुळं थांबवून ठेवणं) ही सोय आहे. एका दिवसापासून ९० दिवसांपर्यंत विश्रांती घेता येते आणि साखळी शाबूत राहते. बरं वाटत नसेल त्याच दिवशी ती लावा, नंतरवर ढकलू नका. तुमच्या ॲपमध्ये अशी सोय नसेल, तर उद्दिष्टच काही दिवस घरातल्या घरात पुरं होईल इतकं खाली आणा. त्यात कमीपणा नाही. १०,००० पावलांचा आकडाही १९६५ च्या एका जपानी पेडोमीटरच्या नावातून रूढ झाला आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नव्हे.