‘पृष्ठ पाहा’ चुकते तेव्हा : वर्डमधील या चुका टाळा

डिचोली तालुक्यातील एका देवस्थानाच्या स्मरणिकेची मांडणी गेल्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर माझ्याकडे आली. ‘नाट्यप्रयोगांची यादी पृष्ठ ४७ वर पाहा’ अशा धर्तीचे उल्लेख तीत जागोजागी होते आणि शेवटच्या प्रुफात त्यांपैकी एकाच्या जागी ‘एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड’ ही इंग्रजी ओळ ठळक अक्षरांत उमटली होती. दोष वर्डचा नव्हता, माझाच होता.

वर्डच्या ‘क्रॉस-रेफरन्स’च्या, म्हणजे मजकुरातील दुसऱ्या जागेचा संदर्भ घालण्याच्या, खिडकीतून घातलेला पृष्ठक्रमांक म्हणजे टंकलेला आकडा नव्हे, ते एक फील्ड, म्हणजे वर्डने स्वतः भरायची जागा, असते. आपण एखाद्या शीर्षकाकडे निर्देश करतो, तेव्हा वर्ड त्या शीर्षकाभोवती एक अदृश्य बुकमार्क, म्हणजे जागेची खूण, गुंडाळतो आणि फील्ड त्या बुकमार्कचे पान शोधून आणते. मी ‘रंगभूमीची परंपरा’ हे शीर्षक सबंध निवडून खोडले आणि त्या जागी नवे टंकले. त्यासरशी बुकमार्कही पुसला गेला. तरीही पडद्यावर जुना आकडा तसाच दिसत राहिला, कारण फील्ड आपणहून ताजे होत नाही. म्हणूनच ही चूक छपाईच्या वेळेपर्यंत दडून राहते. शीर्षक बदलायचे असल्यास कर्सर त्याच्या मधोमध ठेवून नवे शब्द आधी टंकावेत आणि मग दोन्ही बाजूंची जुनी अक्षरे काढावीत. शीर्षकाच्या अगदी आरंभी कर्सर ठेवून एन्टर दाबणेही टाळावे, कारण त्यामुळे नवी रिकामी ओळ बुकमार्कच्या आत शिरू शकते आणि मग पृष्ठक्रमांक आदल्या पानाचा येतो. संदर्भ तुटलाच, तर तो खोडून नव्या शीर्षकाकडे पुन्हा घालणे हाच सरळ उपाय आहे.

आकडे ताजे करण्यासाठी कंट्रोल-ए आणि मग एफ-९ दाबावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्याने केवळ मुख्य मजकुरातील फील्डे ताजी होतात, तळटीपा आणि मजकूर-चौकटी वगळल्या जातात. त्यांत कर्सर ठेवून हीच कृती वेगळी करावी लागते. त्यानंतर रोमन लिपीत ‘एरर’ हा शब्द शोधून पाहावा. मराठी पुस्तकात तो सहसा दुसऱ्या कशासाठी आलेला नसतो. एखादा आकडा एफ-९ लाही दाद देत नसेल, तर आल्ट-एफ-९ दाबून फील्डांचे मूळ रूप पाहावे. तेथे ‘पेजरेफ’ हा पृष्ठसंदर्भाच्या फील्डचा शब्द न दिसता नुसता आकडाच दिसला, तर तो कोणीतरी हाताने टंकलेला आहे किंवा कंट्रोल-शिफ्ट-एफ-९ ने गोठवलेला आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण हमखास येते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर कन्व्हर्टरमधून काढून वर्डमध्ये चिकटवला, की साधा मजकूर तेवढा येतो आणि त्यातील सर्व फील्डांचे निर्जीव आकडे होतात. रूपांतर आधी आणि संदर्भ नंतर, हा क्रम मोडू नये. शीर्षके नुसती ठळक करून ठेवली असतील, तर ती क्रॉस-रेफरन्सच्या शीर्षकांच्या यादीत दिसतच नाहीत. ‘हेडिंग’ शैली द्यावीच लागते.

पानाचा आकार बदलणे हे मी सर्वांत शेवटी ठेवले होते, आणि तीही चूकच होती. ए-फोरवरून लहान आकारात गेल्यावर जवळजवळ प्रत्येक आकडा सरकला. आकार, समास आणि फॉन्ट ठरल्यावरच एफ-९ दाबावे, तेही लागोपाठ दोनदा, कारण अनुक्रमणिका लांबली की पुढची पाने पुन्हा सरकतात. वर्डची फाइल म्हापशाच्या किंवा मडगावच्या छापखान्यात तशीच नेली आणि तिथल्या संगणकावर आपला देवनागरी फॉन्ट नसला, तर ओळी वेगळ्या तुटतात आणि घरी बरोबर असलेले पृष्ठ ४७ तिथे ४९ होऊ शकते. म्हणून पीडीएफ आपल्याच यंत्रावर काढावी आणि छापखान्याला तीच द्यावी.