उलाळ होऊ नये म्हणून: क्वाड न्यायचा ट्रेलर बांधण्याआधीची तयारी

आमच्याकडे, म्हणजे खानापूर, चंदगड, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात, शेतावर किंवा फार्म-स्टेवर क्वाड बाइक, म्हणजे चार जाड चाकांची मोटारसायकल, ठेवणारे आता बऱ्यापैकी दिसतात. बांधाबांधानं औषधाची टाकी न्यायला ती सोयीची पडते, पाहुण्यांच्या पोरांना फेरी मारायलाही. अडचण येते ती एका शेतावरून दुसऱ्या शेतावर किंवा दुरुस्तीला बेळगावात न्यायची वेळ आली की. आपल्याकडच्या बहुतेक क्वाडना रस्त्यावर चालवायची नोंदणीच नसते. म्हणजे ती कशात तरी घालूनच न्यावी लागते, आणि तयार ट्रेलरची किंमत ऐकून माणूस गप्प बसतो. मी दोन ट्रेलर बांधून घेतले, पैकी पहिला चुकीचा. त्यामुळं जे लिहितोय ते हात भाजून घेतल्यावरचं आहे.

सगळ्यात आधी खरंच ट्रेलर हवा आहे का, ते ठरवा. वर्षातून दोन-तीनदाच न्यायची असेल तर छोटा हत्ती भाड्यानं घ्या. मोठा क्वाड त्याच्या हौदात जेमतेम बसतो, म्हणून टेप घेऊन जा आणि मागचा फळका पाडून जायची वेळ येणार का ते आधीच बघा. जुन्या जीपचा लष्करी घाटाचा ट्रेलर स्वस्तात दाखवतील. मोह होतो, पण तो आतून मीटरभरही रुंद नसतो आणि मोठ्या क्वाडची रुंदी चाकाच्या बाहेरून बाहेरपर्यंत सव्वा मीटरच्या आसपास भरते. महिन्याला दोन-चार फेऱ्या असतील तरच पुढचं वाचा.

दुसरं काम कागदाचं, आणि ते वेल्डिंगवाल्याकडे जायच्या आधी करायचं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र नोंदवायचं वाहन आहे. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरला त्याचा स्वतःचा नंबर लागतो आणि मागच्या बाजूला ओढणाऱ्या गाडीचाही नंबर दिसला पाहिजे. तेव्हा आपल्या आरटीओत, केए-२२ वाल्यांनी बेळगावात आणि केए-२३ वाल्यांनी चिक्कोडीत, आधी विचारून घ्या की घरी बांधलेला ट्रेलर नोंदवून घेतात का आणि त्याला काय काय कागद लागतात. फिरवाफिरवीचं उत्तर मिळालं तर ट्रॅक्टर-ट्रेलर बनवणाऱ्या मान्यताप्राप्त कारखान्याकडून सांगाडा घ्या आणि वरचं काम आपण करा. आपण कोगनोळीला किंवा चोर्ला घाटाच्या वाटेवर राज्याची हद्द ओलांडतो, रोजचं असल्यासारखी. पण पलीकडचा पोलीस केए नंबरची जीप आणि मागं बिननंबरी लोखंड बघून थांबवणारच. ओढणाऱ्या जीपच्या मॅन्युअलमध्ये किती वजन ओढायची परवानगी आहे तेही बघा. ओढू नये असं लिहिलं असेल तर विषय तिथंच संपला, मागं हूक लावून तो सुटत नाही.

आता वजन. हे वहीत मांडा, डोक्यात ठेवू नका. ५७० सीसीचा मोठा क्वाड कोरडा सव्वातीनशे किलोच्या आसपास, पेट्रोल-तेल धरून थोडा वर. लांबी सव्वादोन मीटरच्या आत, म्हणून हौद २.४ मीटर लांब आणि आतून १.४ मीटर रुंद पुरे. ७५ मिलिमीटरचा लोखंडी चॅनेल मीटरला साधारण ७ किलो भरतो, ५० बाय ५० बाय ६ चा अँगल साडेचार. तीन मिलिमीटरची चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा) चौरस मीटरला २५ किलोच्या घरात. पूर्ण हौदाला ती मारली तर नुसतं तळाचंच वजन ८४ किलो होतं. क्वाडची चाकं चालतात ती दोनच पट्ट्यांवर, तेव्हा ४० सेंटिमीटर रुंदीचे दोन पट्टे टाका आणि मधला भाग उघडा ठेवा. ५० किलोच्या आत काम होतं, चिखलही खाली गळून जातो. असं करत रिकामा ट्रेलर २५०-२७० किलोत बसवला तर क्वाडसकट सहाशेच्या आसपास येतो. एकूण ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर सगळ्यात हलक्या वर्गात, टी-१ मध्ये मोडतो. दोन मोठे क्वाड घातले की हजार किलोच्या पलीकडे जाता. मग ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि माझ्या मते तिथं स्वस्तात बांधायचा विचार सोडून द्यावा. चोर्ल्याच्या उतारावर हजार किलो मागून ढकलायला लागले की जीपच्या ब्रेकना ते एकट्यानं झेपत नाही.

ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट एक्सल, म्हणजे चाकांचा आस, कुठं बसवायचा ही आहे. पहिला ट्रेलर बांधणाऱ्यानं एक्सल हौदाच्या बरोब्बर मध्ये बसवला. दिसायला छान दिसत होता. जांबोटीच्या रस्त्यावर साठाच्या वेगाला तो मागं शेपटीसारखा हलायला लागला. आधी हळू, मग एवढा की जीपचं बूड उजवी-डावीकडं ओढलं जायला लागलं. ब्रेक न मारता ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, वेग उतरला तसा तो शांत झाला. बायको शेजारी होती. घरी येईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी ट्रेलरच्या पुढच्या दांडीला हात घातला आणि भरलेला ट्रेलर एका हातानं उचलला. "पोरा, ही उलाळ झालीय की. बैल जुंपला असतास तर जोत्यानं गळा आवळला असता त्याचा." आयुष्यभर बैलगाडी हाकलेल्या माणसाला ते हाताला कळलं. गाडी भरताना ओझं मागं गेलं की जू वर उठतं, हे त्यांच्या पिढीत शिकवावं लागत नव्हतं. ट्रेलरचंही अगदी तेच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा ते पंधरा टक्के एवढा भार पुढच्या हुकावर बसला पाहिजे. सहाशे किलोला साठ ते नव्वद. कमी असेल तर मागं झुलणार, फारच जास्त असेल तर जीपचं तोंड वर होऊन स्टिअरिंग हलकं पडणार.

हे मोजायला काही खास यंत्र लागत नाही. किराणा दुकानातला किंवा बाजारातला पोती मोजायचा काटा आणा, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा, दांडी जीपच्या हुकाच्या उंचीला सपाट टेकवा आणि आकडा वाचा. आमचा भरलेला ट्रेलर मोठ्या वजनकाट्यावर ५६० किलो भरला होता आणि दांडीखालचा काटा दाखवत होता ११. एक्सल फूटभर मागं सरकवला, तोच काटा ५७ वर गेला. त्यानंतर तो ट्रेलर एकदाही हलला नाही. म्हणून बांधताना एक्सलच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) ब्रॅकेट आधी नुसते टाके मारून धरा, क्वाड चढवून काटा बघा, मग पक्कं वेल्डिंग करा. मी तयारीत हे एक काम सगळ्यात वर धरतो. क्वाड कुठं उभा राहतो त्या जागी पुढच्या चाकांना अडवणारा अँगलही त्याच वेळी लावा, म्हणजे दर वेळी तो तिथंच थांबतो.

एक्सल सरळ बसला का, ते सुतळीनं बघा. हुकाच्या मध्यापासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर सारखं आलं पाहिजे. पाच मिलिमीटरचा फरकसुद्धा काही महिन्यांत टायर खाऊन दाखवतो.

माल कुठून आणायचा? बेळगावच्या उद्यमबागेत आणि तिकडं कोल्हापूरला शिरोलीत पत्रा-चॅनेल कापून देणारे, मशिनिंग करणारे हवे तेवढे आहेत, आपल्या भागाचं हे भाग्यच आहे. फक्त दसरा-दिवाळीच्या आसपास जाऊ नका. गळीत हंगामाच्या आधी सगळे उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करण्यात गुंतलेले असतात आणि तुमचं काम कोपऱ्यात पडून राहतं. मार्च-एप्रिलमध्ये सांगा, मृगाच्या आधी रंग वाळला पाहिजे. ओम्नीचा मागचा एक्सल घ्या असं बरेच जण सुचवतील. त्यात डिफरन्शियलचं फुकटचं ओझं येतं. चौकोनी बारचा सरळ एक्सल नवा करून घ्या, पाटे आणि चाकांच्या डिस्क (रिम) भंगारात बघा. छोट्या हत्तीचे मागचे पाटे या वजनाला कडक पडतात, एक-दोन पाटे काढले तर बरे चालतात. पाट्यावर कुठंही वेल्डिंग मारू देऊ नका, तिथं तो पुढं तडकतो. जुना टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वरची नक्षी चांगली दिसते म्हणून आठ वर्षांचा टायर घेऊ नका. बेरिंग मात्र नवीच, आणि ग्रीस भरताना मागचं सीलही नवं. खानापूरची तांबडी माती पावसाळ्यात कुठूनही आत शिरते.

दांडी हौदाच्या पुढच्या पट्टीला नुसती चिकटवू नका. दोन चॅनेल इंग्रजी ए सारखे जोडून हौदाच्या खालून दुसऱ्या आडव्या पट्टीपर्यंत न्या. दांडीच्या टोकाची हुकाची वाटी आणि ती ज्यावर बसते तो जीपचा गोळा एकाच मापाचे, ५० मिलिमीटरचे घ्या. गोळा थोडा लहान असला तरी वाटी वरवर बसते आणि खड्ड्यात उडते. वाटी ८.८ ग्रेडच्या बोल्टनं बसवा आणि तिच्याखाली दोन साखळ्या फुलीसारख्या घाला. हूक सुटलाच तर दांडी साखळ्यांवर पडेल, डांबरात रुतणार नाही. जस्त चढवलेला पाइप स्वस्तात मिळाला तर वेल्डिंगच्या जागी ते घासून काढायला लावा. त्याचा धूर कामगाराच्या छातीला वाईट.

फळका तोच रॅम्प करा, बिजागरीचा, जाळीचा, म्हणजे वारा अडत नाही. हौद जमिनीपासून ६० सेंटिमीटर असेल तर १.८ मीटरचा रॅम्प वीस अंशांच्या आत राहतो. १.२ मीटरचा केला तर चढ तीस अंशांचा होतो आणि तिथं क्वाड मागं उलटू शकतो. वर बसून चढवताना पोरंबाळं मागं उभी राहू देऊ नका.

दिव्यांवर पैसे वाचवू नका. संकेश्वर-चिक्कोडी रस्त्यावर हंगामात रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून आदळून माणसं गेलेली आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. सात पिनांचा प्लग, मागं लाल दिवे, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, बाजूंनी चमकणारी पट्टी. पांढरी वायर अर्थची असते. ती नीट नसली की डावा इंडिकेटर दिला तर दोन्ही दिवे मिणमिणतात आणि माणूस उगाच बल्ब बदलत बसतो.

निघताना क्वाड गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चार रॅचेट पट्टे, हँडलला किंवा कॅरिअरला नव्हे, खालच्या सांगाड्याला. क्वाड थोडा खाली दबेपर्यंत आवळा. पाच-दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा, ते हमखास सैल होतात. नव्या ट्रेलरच्या चाकाचे नट पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा बघा. त्याच थांब्याला हाताची मागची बाजू चाकांच्या मधल्या दोन्ही हबना लावा. कोमट लागला तर चालतंय. हात ठेववत नसेल तर तिथंच जॅक लावा, बेरिंगचा नट फार आवळलेला आहे.