दुकानदारांच्या वेबसाइट करताय? या चुका टाळा

छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट करणाऱ्या एकट्या डेव्हलपरचं काम कोडपायी फारसं अडत नाही. अडतं ते डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) कुणाच्या नावावर आहे, मजकूर कधी येणार आणि बिल कधी निघणार, यावर.

शेठ म्हणतात, "ते सगळं तुम्हीच बघा," आणि आपण डोमेन आपल्याच खात्यातून घेऊन टाकतो. पुढच्या वर्षी रिन्यूअलचं बिल गेलं की हेच शेठ विचारतात, "आता पुन्हा कसले पैसे?" मुदत टळून रजिस्ट्रारने (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीने) डॉट कॉम डोमेन काढून टाकलं तर पुढचे ३० दिवस ते परत मिळवता येतं, पण चांगलाच भुर्दंड बसतो. खातं ग्राहकाच्याच ईमेलवर आणि मोबाइल नंबरवर उघडा. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून मुद्दाम डोमेन अडकवून ठेवणारेही आहेत. ही सरळसरळ अडवणूक झाली, आणि बाजारपेठेत अशा गोष्टीचा बोभाटा व्हायला वेळ लागत नाही.

सगळ्यात महागात पडते ती होस्टिंग (साइट ठेवलेली जागा) बदलतानाची घाई. नेमसर्व्हर (डोमेनचे रेकॉर्ड सांभाळणारे सर्व्हर) बदलले, नवी साइट झकास उघडली, आपण खूश. दोन दिवसांनी फोन येतो: "अहो, ऑर्डरचे मेलच येत नाहीयेत!" मेल कुठे पोचवायचा हे सांगणारे एमएक्स रेकॉर्ड जुन्याच डीएनएसमध्ये, म्हणजे जुन्या नेमसर्व्हरवरच्या नोंदींत, राहिलेले असतात. म्हणून बदलाआधी सगळे रेकॉर्ड उतरवून घ्या. त्यात मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे पटवणारे एसपीएफ आणि डीकेआयएमचेही आले. फक्त साइटच हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हात लावू नका, साइट कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणारा ए रेकॉर्ड बदला. आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणून ठेवलात तर चूक झाली तरी माघार पटकन घेता येते.

चौकशी फॉर्मचे मेल स्पॅममध्ये जात असतील तर आधी 'फ्रॉम' तपासा. तिथे फॉर्म भरणाऱ्याचा जीमेल पत्ता टाकलेला असतो, आणि आपला सर्व्हर जीमेलच्या नावाने मेल पाठवतोय म्हटल्यावर तो संशयितच ठरणार. 'फ्रॉम'मध्ये साइटच्या डोमेनचा पत्ता ठेवा, भरणाऱ्याचा 'रिप्लाय-टू'मध्ये टाका आणि मेल एसएमटीपीने, म्हणजे मेल खात्यात लॉगिन करून, पाठवा.

मराठी मजकूर बहुतेकदा डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) येतो. तो पेस्ट केला की पानभर अगम्य चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये बदलल्यावरही रफार आणि जोडाक्षरं नजरेखालून घालावीच लागतात. या कामाचे पैसे कोटेशनमध्येच धरा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, नाहीतर दाबलेलेच येतात.

आता पैसे. अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय काम सुरू करू नका. पानं किती, दुरुस्त्या किती वेळा, हे लिहून द्या. "जरा एक छोटासा बदल" इथेच आवरतो. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) मोफत आहे, काम घेण्याआधीच करून ठेवा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कुणी कायदा दाखवत बसत नाही. पण काम परस्पर तुमच्याकडून करून घेऊन "क्लायंटकडून पैसे आले की देतो" म्हणणाऱ्या एजन्सीला बिलावरचा उद्यम क्रमांक बरोबर दिसतो.