माळाची चिकण-पोयटा जमीन ओळखताना या चुका टाळा

पाटोदा, भूम, वाशी, अंबाजोगाई... बालाघाटाच्या या पट्ट्यात माळाची जमीन कशी आहे असं विचारलं की दोनच उत्तरं मिळतात, ‘भारी आहे’ किंवा ‘बरड आहे’. दोन्ही उत्तरं सहसा वरच्या वीतभर मातीकडे बघून दिलेली असतात. पुढे बियाण्याची निवड, पाण्याच्या पाळ्या, फळबागेचे खड्डे असं सगळं त्याच उत्तरावर उभं राहतं आणि तिथेच गणित चुकतं.

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. हा दगड झिजून तयार होणारी चिकणमाती प्रामुख्याने स्मेक्टाइट प्रकारची असते. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे माळावरची मातीही मुळात चिकणच असते. गोदावरी-दुधना खोऱ्यातल्या खोल काळ्या जमिनीपेक्षा ती वेगळी पडते ती खोली, मुरमाचं प्रमाण आणि चुनखडी या तीन बाबतींत. उतारावरून बारीक माती वाहून खाली जाते आणि खडे जागेवर राहतात. म्हणूनच एका गटात माथ्यावर बरड, मध्ये मध्यम आणि ओढ्याकडेला भारी असे तीन प्रकार सापडतात.

रंगावरून ‘भारी’ ठरवणं

काळी म्हणजे कसदार, ही समजूत जुनी आहे. काळा रंग येतो तो बऱ्याच अंशी चिकण कण आणि थोडासा सेंद्रिय अंश घट्ट बांधले गेल्यामुळे. काळ्याभोर रानाचा सेंद्रिय कर्बही ०.४० टक्क्यांच्या खाली, म्हणजे ‘कमी’ गटात निघू शकतो. उलट उतारावरच्या भुरकट, तपकिरी मातीत चिकण ४५ टक्के असू शकतं. रंगाची तुलना करायचीच असेल तर दोन्ही ढेकळं ओली करून करा. कोरड्या मातीशेजारी ओली माती ठेवली तर ओली नेहमीच काळी दिसणार.

हाताने पारख करताना घाई करणं

माती चाळून खडे काढा. मुठीत मावेल एवढी माती घ्या, थेंब थेंब पाणी घाला आणि कणीक मळतो तशी निदान दीड-दोन मिनिटं मळा. माळावरच्या मातीचे बारीक, कडक दाणे लवकर फुटत नाहीत. अर्धवट मळलं तर तेच दाणे बोटांना वाळूसारखे लागतात आणि चिकण माती पोयटा, म्हणजे वाळू-गाळ-चिकण मिसळलेली, ठरते. मळलेला गोळा हाताला चिकटायला लागला तर पाणी जास्त झालं, थोडी कोरडी माती मिसळा.

मग अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत दाबत गोळ्याची पट्टी काढा. अडीच सें.मी.च्या आत तुटली तर पोयटा, अडीच ते पाच सें.मी. टिकली तर चिकण पोयटा, पाचच्या पुढे गेली तर चिकण. एका पट्टीवर निर्णय घेऊ नका, तीन काढा.

इथे चुनखडी फसवते. मातीत भुकटीच्या रूपातला चुना असेल तर ती बोटाला मऊ, रेशमी लागते आणि गाळाचा अंश जास्त वाटतो. गोळीच्या रूपातला असेल तर वाळू वाटते. शंका आली की सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसलं तर चुना.

बाटलीत माती-पाणी हलवून थर मोजण्याची पद्धत शाळेच्या प्रयोगापुरती ठीक आहे. आपल्या मातीत कॅल्शियम भरपूर असल्याने साध्या पाण्यात चिकण कण एकमेकांना धरून गाळाबरोबरच तळाशी बसतात, म्हणजे चिकण कमी दिसतं. बसलेलं चिकण फुगलेलं असतं म्हणून थर जाड दिसतो ती वेगळीच चूक. प्रयोगशाळेत कण सुटे करायला सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट वापरतात ते त्यासाठीच.

अहवालात ‘चिकण’ आलं म्हणून पाणी धरेल असं मानणं

माळाच्या जमिनीत सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. प्रयोगशाळेत माती २ मि.मी.च्या चाळणीतून चाळतात आणि वाळू-गाळ-चिकण यांचे टक्के फक्त खाली पडलेल्या मातीचे असतात. चाळणीवर राहिलेला मुरूम त्यात धरलेला नसतो. तुमच्या रानात तिसरा हिस्सा खडे असले तरी अहवाल ‘चिकण’ म्हणूनच येणार.

मुरूम घरच्या घरी मोजता येतो. वरचा पालापाचोळा बाजूला करून साधारण वीतभर लांब, रुंद आणि खोल खड्डा काढा. निघालेली सगळी माती घमेल्यात ठेवा. खड्ड्याला आतून पातळ प्लॅस्टिकचा कागद लावून मापाने पाणी ओता, काठाला आलं की थांबा. समजा ८ लिटर बसलं. आता घमेल्यातली माती बारीक चाळणीवर धुवून घ्या. उरलेले खडे मापाच्या भांड्यात अर्ध्यापर्यंत भरलेल्या पाण्यात सोडा. पाणी जेवढं वर चढेल तेवढं खड्यांचं आकारमान. २.४ लिटर चढलं तर मुरूम ३० टक्के. वजनावर जाऊ नका. खडे मातीपेक्षा जड असल्याने वजनाने निम्मा दिसणारा मुरूम आकारमानाने तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो.

आता हिशेब. चिकण पोयटा माती पिकाला उपसता येईल असं पाणी ढोबळमानाने दर १० सें.मी. खोलीला १५ मि.मी. धरते. खाली मुरूम-कातळ ४० सें.मी.वर असेल तर ६० मि.मी. त्यातून ३० टक्के खडे वजा केले की उरतात ४२. शेंगा भरताना सोयाबीन दिवसाला ५ मि.मी. उचलतं असं धरलं तर आठ दिवसांत कोठार रिकामं. तीच माती मीटरभर खोल आणि बिनखड्याची असती तर साठा १५० मि.मी., म्हणजे महिन्याभराची सोय. ऑगस्टमध्ये पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली की एकाच धुऱ्याच्या अलीकडचं रान सुकतं आणि पलीकडचं तग धरतं, त्यामागे बियाण्यापेक्षा हा आकडा जास्त असतो.

दोन मोजपट्ट्यांची सरमिसळ

माती सर्वेक्षणाचा कागद वाचताना जाणकारही इथे अडखळतात. पोताच्या त्रिकोणात, म्हणजे वाळू-गाळ-चिकणाच्या टक्क्यांवरून मातीचं नाव ठरवणाऱ्या आकृतीत, चिकण कण २७ ते ४० टक्के आणि वाळू २० ते ४५ टक्के असली की ‘चिकण पोयटा’. ‘चिकण’ म्हणायला ४० टक्क्यांच्या पुढे जावं लागतं. मृदा वर्गीकरणात मात्र कुळ ठरवताना सीमा ३५ टक्क्यांवर आहे. त्याखाली ‘लोमी’, त्यावर ‘क्लेयी’. म्हणजे ३७ टक्के चिकण असलेली माती एका कागदावर पोयट्यात आणि दुसऱ्यावर चिकण गटात बसते. दोन्ही कागद बरोबर असतात.

खडे आकारमानाने ३५ टक्के किंवा जास्त असले की नावात ‘स्केलेटल’ हा शब्द जोडला जातो. माळाच्या जमिनीसाठी हा शब्द बाकी सगळ्या नावापेक्षा जास्त सांगून जातो.

आपल्याकडे ‘पोयटा’ म्हणजे कधी वाळू-गाळ-चिकणाचं संतुलित मिश्रण, कधी नुसता बारीक गाळ. रोपवाटिकेत विकतात ती ‘पोयटा माती’ तिसरीच. त्यामुळे नाव ऐकून नव्हे, टक्के बघून बोला. आणि सातबाऱ्यावरचं जिरायत, बागायत, पोटखराब हे महसुलाचं वर्गीकरण आहे, मातीचं नाही.

भेगा पडतात, म्हणून व्हर्टिसॉल

भेगा चिकण पोयट्यालाही पडतात. व्हर्टिसॉल, म्हणजे फुगणारी-आकसणारी चिकण जमीन, म्हणायला तीन गोष्टी लागतात. ५० सें.मी. खोलीपर्यंत, किंवा त्याआधी खडक लागला तर तिथपर्यंत, चिकण किमान ३० टक्के. ठरावीक काळाने उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या भेगा. आणि मीटरभराच्या आत सुरू होणारा, किमान २५ सें.मी. जाडीचा असा थर ज्यात घर्षणाच्या खुणा आहेत.

तिसरी गोष्ट खड्ड्यातच दिसते. खड्ड्याच्या भिंतीवरून चाकूच्या टोकाने ढेकूळ हलकेच उचकटा, कापू नका. ढेकूळ तिरप्या पृष्ठभागावर सुटलं, तो पृष्ठभाग तेल चोळल्यासारखा चकाकला आणि त्यावर एकाच दिशेने बारीक ओरखडे दिसले, तर फुगणारी माती एकमेकींवर घासून सरकली आहे. फावड्याच्या पात्यानेही असाच गुळगुळीत डाग पडतो, पण त्यावरचे ओरखडे पात्याच्या दिशेने असतात. फसगत होते ती इथेच.

माळावर बहुतेक ठिकाणी भेगा असतात, हा थर नसतो किंवा अर्धवट असतो. अशी जमीन इन्सेप्टिसॉल (थर अजून पुरते न घडलेल्या) गणात, त्यातही बऱ्याचदा ‘व्हर्टिक हॅप्लुस्टेप्ट’ उपगटात जाते. माथ्यावरची वीतभर मातीची बरड जमीन एन्टिसॉल (थर जवळजवळ न घडलेली), त्यातही ‘लिथिक उस्टॉर्थेन्ट’. हा फरक शेतात उपयोगी पडतो. व्हर्टिसॉलमध्ये अडचण निचऱ्याची, म्हणून रुंद वरंबा-सरी हवी. उथळ माळावर अडचण साठ्याची, म्हणून उताराला आडवी पेरणी आणि ठरावीक अंतरावर मृत सरी, म्हणजे पाणी मुरायला पिकाविना सोडलेली सरी.

वरचा गाळ आणि खालचा मुरूम

२०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मुळे माळावर तलावाचा गाळ पसरण्याचं काम वाढलं. गाळ बहुधा चिकण असतो. तो १०-१५ सें.मी. नुसता पसरून ठेवला की वरून नमुना घेतल्यावर जमीन ‘भारी’ येते, खाली मात्र मुरूमच. शिवाय बारीक मातीखाली एकदम भरड थर आला की वरचा थर जवळजवळ तुडुंब होईपर्यंत पाणी खाली उतरत नाही. वर चिखल आणि खाली कोरडं. मुळं सीमेवर अडतात. गाळ वाळू द्या, ढेकळं फुटू द्या आणि मग नांगरून-वखरून खालच्या मातीत मिसळा.

नमुना

बांध, झाड, विहीर, उकिरडा सोडून, नागमोडी चालत एकरी ८-१० जागा घ्या. इंग्रजी ‘व्ही’सारखा २० सें.मी. खड्डा काढून काठापासून तळापर्यंत सारख्या जाडीची चकती घ्या. शेवटी चार भाग करत अर्धा किलो ठेवा आणि सावलीत वाळवा. माथा, मधला उतार आणि खोलवट यांचे नमुने वेगळे. मोसंबी किंवा केसर आंब्यासाठी ०-३०, ३०-६०, ६०-९० सें.मी. असे तीन थर. मुक्त चुना १० टक्क्यांवर निघाला तर त्या जागी मोसंबीचा नाद सोडा.

२०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेसाठी जिरायत भागात १० हेक्टरच्या आणि बागायतात अडीच हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घेण्याची पद्धत होती. पत्रिकेवरचा आकडा शेजारच्या खोलवटातला आणि तुमचं रान माथ्यावर, असं सहज होऊ शकतं.

लक्षण दिसलं, कारण चुकलं

पाऊस लागून राहिल्यावर सोयाबीन पिवळं पडलं की युरिया फेकला जातो. आधी पान बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती चुनखडीतली लोहाची कमतरता. वाफसा आणा आणि १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व २५ ग्रॅम चुना मिसळून, गाळून फवारा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असतील तर नत्राकडे बघा.

पांढरा पापुद्रा दिसला की ‘चोपण झाली’, म्हणजे सोडियम वाढून माती बिघडली, असं म्हणून जिप्सम टाकू नका. पापुद्रा पाण्यात विरघळला तर क्षार, आम्लाने फसफसला तर चुना. चोपण ठरवायला सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (चिकण कणांना धरून असलेला) १५ टक्क्यांच्या वर, हे तपासून घ्या. फुगणाऱ्या काळ्या मातीत मात्र १५ च्या बऱ्याच आधी निचरा बिघडायला लागतो. क्षारवट जमिनीला जिप्सम नको, निचरा आणि गोडं पाणी हवं.

पाणी वर साचतं आणि हातभर खाली माती कोरडी, तर वाफशावर पहार खुपसा. १५-२० सें.मी.वर अडून पुढे सहज गेली तर ओल्यात ट्रॅक्टर, रोटाव्हेटर फिरवून बसलेला कडक थर. अडली ती अडलीच आणि खणखणली तर मुरूम किंवा कातळ. कडक थर उन्हाळ्यात, माती कोरडी असताना सबसॉयलरने फोडा. ओल्यात तो नुसता चिरत जातो, फुटत नाही.

तपासणीचा खड्डा बुजवताना खालची माती खाली आणि वरची वर. उलट केलं तर तेवढ्या चौकोनात दोन-तीन हंगाम पीक खुरटं राहतं आणि पुढचा माणूस त्याचंही कारण मातीतच शोधत बसतो.