क्रूझवर जादा पैसे भरून जेवायला जाताय? मग या चुका टाळा

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर मी ग्रुप घेऊन जातो. पिनांग, फुकेत, चार-पाच रात्री, आणि दर खेपेला त्याच त्या चुका. तिकिटात बुफे आणि मुख्य डायनिंग रूम धरलेली असते. स्टेकहाउस, इटालियन, जपानी यांचे पैसे वेगळे, आणि त्यावर बऱ्याच जहाजांवर 18 ते 20 टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप चढतो. बिल बघून "फसवलं हो" म्हणणारं एक तरी माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये निघतंच. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावा आणि वाचा.

सगळ्यात महागात पडते ती घड्याळाची चूक. सिंगापूर थायलंडच्या एक तास पुढे आहे. जहाज पुष्कळदा आपली सिंगापूरची वेळ बदलत नाही, पण फुकेतचा टॉवर सापडला की खिशातला फोन गुपचूप तासभर मागे जातो. माझ्या एका ग्रुपमध्ये साताऱ्याचे काका-काकू होते. लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून स्टेकहाउसमध्ये साडेसातचं टेबल घेतलेलं. काकूंनी जांभळी पैठणी नेसली होती, काकांनी कधी नव्हे ते बूट चढवले होते. दोघं दारात पोचली तेव्हा आतल्या भिंतीवर साडेआठ वाजले होते. "अगं, साडेसातच वाजलेत की!" काका त्या रिसेप्शनवरच्या मुलीपुढे फोन नाचवत होते. ती बिचारी तिचा टॅब्लेट दाखवत होती. टेबल दुसऱ्यांना गेलेलं, आणि न आल्याचा दंड काकांच्या खात्यावर. मी धावत गेलो, हातापाया पडलो, काही उपयोग झाला नाही. शेवटी बुफेत प्लॅस्टिकच्या ट्रेवर डाळ-भात आणि थरथरणारं पुडिंग घेऊन काकू पैठणी सावरत बसल्या होत्या. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून मी हातात काट्याचं स्वस्त घड्याळ घालतो. जहाजावर चढलो की केबिनमधल्या टीव्हीवरची वेळ बघून ते लावतो आणि उतरेपर्यंत हात लावत नाही. फोनमधली आपोआप वेळ बदलायची सोय बंद करता येते, हे मी ग्रुपला तीनदा सांगतो. ऐकतात दोघं-तिघं.

दुसरं दुखणं शाकाहाराचं. टेबलावर बसल्यावर वेटरला "आय अ‍ॅम व्हेज" सांगून काम भागत नाही. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासे असतात. अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. मिसो सूपचं पाणी बहुधा सुक्या माशाचं. तेप्पान्याकीत तर तुमचं टोफू आणि शेजाऱ्याची कोळंबी एकाच तव्यावर उड्या मारतात. वेटर खोटं बोलत नाही, त्याच्या लेखी मांस नसलं की झालं व्हेज. म्हणून पहिल्या दिवशी सगळे बुफेकडे पळतात तेव्हा मी कागद घेऊन त्या रेस्टॉरंटमध्ये जातो. मासे नको, अंडं नको, कांदा-लसूण नको, जे असेल ते स्वच्छ लिहून. किचनला एक दिवस आधी कळलं की निभतं. जहाजांवर गोव्याची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या काम करत आलीत, त्यांतला कुणी भेटला तर दोन शब्द कोकणीत बोला, काम सोपं होतं. मात्र स्टेकहाउसमध्ये बसून "वरण-भात मिळेल का?" विचारू नका. तो बुफेत फुकट आहे.

चार वाजता चहाबरोबर पिझ्झाचे तीन तुकडे हाणून संध्याकाळी "पोर्शन किती छोटे!" म्हणायचं नाही, कारण भूकच नसते. हाफ पँट घालून जाऊ नका, दारातून परत पाठवतात.

चार रात्रींच्या सफरीत तीन जेवणांचं पॅकेज घेणाऱ्यांचा मला राग येतो. बंदरावर दिवसभर उन्हात फिरून आलेल्या माणसाला पाच कोर्स जात नाहीत, मग "वसूल करायचंय" म्हणून मुलांना दटावत खायला घालतात. एकच टेबल घ्या, समुद्रात असतानाच्या दिवसाचं.

आणि नऊचा शो गाठायचा म्हणून साडेसातला बसून वेटरच्या मागे "जरा लवकर" लावू नका. ते जेवण दोन तासांचंच असतं. घाई असेल तर साडेसहाला बसा.

शेवटचं, खिडकीपाशी जागा हवी असेल तर आधी सूर्यास्ताची वेळ विचारा, जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. अंधार पडल्यावर त्या काचेत समुद्र दिसत नाही, आपलाच चेहरा दिसतो.