जाणत्यांना बोलतं कसं करावं: नैरोबीची रीत, कोकणातला गाव

केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला आणि तिथल्या शिकलेल्या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला: आपला म्हणून जो विचार आहे, तो शोधायचा कुठे? प्लासिद टेम्पेल्स या बेल्जियन मिशनऱ्याने काँगोतल्या बांटू लोकांच्या तत्त्वज्ञानावर १९४५ साली पुस्तक काढलं होतं. त्यात अख्खा समाज एका तोंडाने बोलतो. कोण काय म्हणालं, त्याला कोणी आडवं लावलं, याचा पत्ताच नाही. नैरोबी विद्यापीठातल्या हेन्री ओडेरा ओरुका यांनी १९७०च्या दशकात दुसरी वाट धरली. ते गावोगावच्या जाणत्यांकडे गेले आणि त्यांना नावानिशी बोलतं केलं. जाणते त्यांनी दोन प्रकारचे मानले: एकाला परंपरा तोंडपाठ असते, दुसरा ती जाणून तिची उलटतपासणीही करतो. खरा शोध दुसऱ्याचा.

मुरूड-जंजिऱ्यावर १९४८ पर्यंत मूळच्या आफ्रिकी सिद्दींचं संस्थान होतं, तेव्हा आफ्रिका कोकणाला परकी नाहीच. पण आपल्या गावातल्या जाणत्यांच्या मुलाखतींसाठी ही रीत उचलायची ती कामाची आहे म्हणून.

माणूस निवडताना सरपंचाला विचारू नका, तो मानकऱ्यांचीच नावं देईल. भांडण झालं की लोक कोणाच्या पडवीत जाऊन बसतात ते पाहा. ओरुकांच्या यादीत बहुतेक पुरुषच होते. ती उणीव इथे भरून काढा. मासळी विकणारी, सुईणपण केलेली म्हातारी हमखास घ्या.

वेळ साधणं महत्त्वाचं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, त्या दिवसांत खलाशी घरी सापडतात. मात्र शेतकऱ्याला तेव्हा लावणीची घाई असते. त्याला दिवाळीनंतर गाठा. गणपतीत आणि शिमग्यात जाऊच नका, चाकरमान्यांनी घर भरलेलं असतं आणि प्रत्येकाला म्हाताऱ्याच्या वतीने बोलायचं असतं. पावसात पत्र्याखाली रेकॉर्डिंग निव्वळ फुकट जातं, कौलारू माजघर बरं. मोबाईल विमान मोडवर टाकून घडी घातलेल्या पंचावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद करा. पाऊण तासापुढे ताणू नका.

पहिल्या बैठकीत फक्त ऐकून घ्या: देवळात कौल कसा लावतात (म्हणजे देवाचा होकार-नकार कसा विचारतात; उजवा कौल म्हणजे होकार), खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा, बांध कोणी घालायचा, कोणाचा मान कुठे. ही माहिती कितीही सुरस असली तरी अजून ते पाठांतरच आहे. गंमत दुसऱ्या बैठकीत, आठवड्याने. तेव्हा त्यांच्याच उत्तरातून शंका काढायची. “तात्यानू, उजवा कौल झाला, तसंच केलं, आणि तरी नुकसान झालं तर?” “कौल चुकत नाही, माणूस चुकतो” असं उत्तर आलं तर थांबू नका, “मग कौलावरून नेमकं कळतं काय?” हे विचारा. कोणी पुन्हा तेच सांगेल, कोणी चिडेल. आणि एखादी आजी म्हणेल, “कौल लावला की चार भावांचं भांडण मिटतं, म्हणून लावायचा. देव काय बोलतो ते मला ठाऊक नाही.” असं उत्तर मिळालं की समजा, तुम्ही योग्य दारी आलात.

प्रश्न हातातल्या व्यवहाराचा असावा. ‘न्याय म्हणजे काय’ विचारलंत तर कीर्तनातलं ऐकायला मिळेल. ‘मुंबईकराने बांधासाठी पैसे पाठवले तर त्याची अंगमेहनत फिटली का’ असं विचारा आणि मग बघा.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे छापील गोष्ट परत कानावर येणं. १८८०च्या इंग्रजी गॅझेटिअरमधला मजकूर देवस्थानच्या स्मरणिकेत, तिथून व्हॉट्सॲपवर, आणि तिथून आजोबांच्या तोंडी, असा प्रवास होऊ शकतो. साहेबाने लिहिलेलं आपलं म्हणून नोंदवायचं नसेल तर दर दाव्याला “हे कोणाकडून ऐकलंत?” एवढं विचारायची सवय ठेवा.

दुसरी चूक मुलाखत घेणाऱ्याची. त्यातला विचार जाणत्याचा किती आणि विचारणाऱ्याचा किती, असा आक्षेप ओरुकांवरही घेतला गेला. त्याला उपाय सोपा आहे: लिहिताना आपले प्रश्न जसेच्या तसे ठेवा, शंका आणि तिरके प्रश्नसुद्धा. मालवणी, आगरी, संगमेश्वरी जे असेल ते तसंच उतरवा. प्रमाण मराठी हवी तर खाली वेगळी द्या. ‘नाय’चं ‘नाही’ करता करता अर्ध्या वाक्यांतला ठसका निघून जातो. तासाभराचं बोलणं हाताने उतरवायला पाच-सहा तास लागतात, तेवढे हाताशी ठेवा.

लिहून झालं की त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा. अनेकदा इथेच माणूस म्हणतो, “थांब, हे मी चुकीचं बोललो.” जुनं वाक्य खोडू नका. त्याखाली तारीख घालून नवं लिहा. मत बदललं ही नोंद सर्वांत मोलाची. जमीन, मानपान किंवा कोर्टातल्या वादाचा उल्लेख आला असेल तर छापायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. एक प्रत त्यांच्या घरी, एक वाचनालयात, आणि आवाजाची फाईल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.