न्यूट्रल बीमची पेटी उघडताय? ट्रिटियम पसरवणाऱ्या या चुका टाळा

ब्रिटनमधल्या, 2023 मध्ये बंद झालेल्या जेटसारख्या फ्यूजन (अणुसंमीलन) यंत्रात न्यूट्रल बीमसाठी, म्हणजे प्लाझ्मा (अतितप्त वायू) तापवणाऱ्या वेगवान अणूंच्या झोतासाठी, ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) सोडलं, की त्यातलं थोडंच प्लाझ्मापर्यंत पोहोचतं. बरंचसं झोताच्या पेटीतल्या क्रायोपंपाच्या (वायू गोठवून ओढणाऱ्या पंपाच्या) पॅनलवर गोठतं, काही बीम डंपच्या (झोत अडवणाऱ्या भागाच्या) तांब्यात घुसून बसतं. पंप रिजनरेट झाला, म्हणजे गरम करून त्यातला गोठलेला वायू काढला, की पेटी साफ झाली, असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. पॅनल रिकामं होतं. तांबं आणि पोलाद मात्र पुढे कित्येक दिवस ट्रिटियम सोडत राहतात.

त्यात हवेतला ओलावा. त्याच्यामुळे धातूवरचं ट्रिटियम पाण्याच्या वाफेत मिसळून सुटतं, आणि श्वासातून गेलेली ही वाफ तेवढ्याच ट्रिटियम वायूच्या सुमारे 10,000 पट किरणोत्साराचा डोस देते. म्हणून ओलाव्याने ट्रिटियम सोडवण्याचं काम झाकण बंद असतानाच उरका. पॅनल खोलीच्या तापमानाला आणा, नाहीतर त्यांवर बर्फ धरेल. मग दमट हवा आत सोडा, डीट्रिटिएशन यंत्रणेतून (हवेतलं ट्रिटियम काढून घेणाऱ्या) बाहेर ओढा, पुन्हा सोडा. शेवटी हवा काही तास कोंडून ठेवून तिच्यातली ट्रिटियमची पातळी बघा. ती चढत असेल तर अजून उघडू नका.

गायगर काउंटर गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ट्रिटियमचा बीटा कण जास्तीत जास्त 18.6 केईव्ही इतक्या कमी ऊर्जेचा, हवेत जेमतेम 6 मिलिमीटर जाणारा. नेहमीच्या नळीच्या खिडकीतून तो आत शिरतच नाही. 100 चौरस सेंटिमीटर जागा वाइपने (पुसायच्या तुकड्याने) पुसून ती वाइप लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्ये (द्रवात उमटणाऱ्या उजेडावरून किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात) मोजा. वाइप घातलेली द्रवाची कुपी आधी अंधारात ठेवा. रसायनांचा स्वतःचा उजेड ओसरला नाही तर आकडा फुगतो. आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा पुन्हा पुसा, कारण आतलं ट्रिटियम वर येतं. हवेतलं ट्रिटियम मोजणारं आयन चेंबर गॅमा किरणांचा वाटा वजा करणारं हवं. न्यूट्रॉनांमुळे किरणोत्सारी झालेल्या भागांजवळ साध्या चेंबरचा आकडा उगाच चढतो.

रबरी ओ-रिंग आणि तेलाचे पंप ट्रिटियम शोषून घेतात. तिथे धातूचे सील आणि कोरडे (बिनतेलाचे) स्क्रोल पंप घाला.

धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा सूट घाला; हातमोज्यांचे दोन थर ठेवा आणि वरचा वरचेवर बदला. काढलेला भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तरी आत वाफ साचत जाते, त्यामुळे पिशवी एक्झॉस्टखालीच उघडा. काम संपल्यावर लघवीचा नमुना द्या: शरीरात गेलेलं ट्रिटियमयुक्त पाणी निम्मं व्हायला साधारण 10 दिवस लागतात, आणि भरपूर पाणी प्यायलं तर ते लवकर निघून जातं.